कारभाराची वही

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दारात दोन किल्ले उभे राहतात. एक अंगणात, मातीचा. धाकटी पोरं दगड-विटांचे तुकडे, फाटकी पोती गोळा करतात, वर चिखल थापतात, अळीव पेरतात. हिरवी लव फुटली की मावळे मांडतात. दुसरा किल्ला ओट्यावर, थोरल्या नातवाच्या लॅपटॉपात. नातू पुण्याला कॉम्प्युटरचं शिकतो. धाकट्यांना चिखल कालवून दिला की तो आपला भिंतीला पाठ लावून बसतो, जेवायला चार हाका माराव्या लागतात.

एकदा मी चष्मा लावून डोकावलो. किल्ला कुठंच दिसेना. नुसती अक्षरं, ठिपके, रंगीत चिन्हं. खळ्यावर मुंग्या फिराव्यात तशी इकडून तिकडं पळत होती.

"ह्यात किल्ला कुठाय रं?"

"आबा, हाच किल्ला. तुम्हाला दिसत नाही, मला सवयीनं दिसतो."

हे मला पटलं. सातबारा हातात आला की मला बांध दिसतो, बांधावरची बाभळ दिसते. त्याला नुसते आकडे दिसतात.

मग त्यानं समजावून सांगितलं. खेळाचं नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अॅडम्स नावाच्या दोन भावांनी केलेला. २००६ साली लोकांपुढं आला आणि पुढं कितीतरी वर्षं फुकटच मिळत होता. २०२२ साली चित्रांसकट विकायला आला, पण आमच्या नातवाला ती अक्षरंच गोड लागतात. सात बुटके एक गाडी घेऊन डोंगरापाशी येतात. तिथं खोदायचं, पेरायचं, दारू गाळायची. हो, दारू लागतेच, नाहीतर त्यांचा कामाचा हात ढिला पडतो. (आमच्याकडंही दोघंतिघं बुटके आहेत म्हणायचे.) प्रत्येक बुटक्याला नाव आहे, आवडीनिवडी आहेत, मित्र आहेत. मित्र मेला की तो झुरतो. फार झुरला की पिसाळतो, दिसेल ते फोडतो, एखाद्याचा जीव घेतो. मग त्या मेलेल्याचे मित्र झुरतात. असं करत करत धडधाकट किल्ला आतल्या दुःखानंच बसतो.

"आणि जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नसतंच. किल्ला कधीतरी पडतोच. हरण्यातच मजा आहे, असं खेळणारे म्हणतात."

शेतकऱ्याला ह्यात नवीन काय सांगायचं! पण पुढं तो जे म्हणाला त्यानं मी सावरून बसलो. काही जण मिळून एकच किल्ला खेळतात. एकानं एक वर्ष राज्य करायचं. वर्ष म्हणजे खेळातलं. ते सरलं की आहे तसा किल्ला पुढच्याच्या हवाली करायचा. आणि आपल्या वर्षात काय काय घडलं ते लिहून ठेवायचं. पुढच्यानं ते वाचायचं, आपलं वर्ष करायचं, आपलं लिहायचं.

"म्हणजे पाळी," मी म्हणालो.

"हां, पाळीच की."

पाण्याची पाळी मला ठाऊक, सामाईक विहिरीवर जन्म गेला. पण कारभाराची पाळी, आणि ती लिहून ठेवायची, हे आमच्या घरात झालेलं होतं. नातवाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

त्या रात्री त्यानं मला अशा एका किल्ल्याची गोष्ट वाचून दाखवली. नाव 'बोटमर्डर्ड'. २००६-०७ च्या सुमाराला खेळलेला. तो इंग्रजी वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा. मधे मधे त्याला स्वतःलाच हसू आवरायचं नाही. त्या किल्ल्याबाहेर हत्तींचा कळप. ते हत्ती येणार आणि बुटक्यांना चिरडणार, हे ठरलेलं. जो कारभारी येतो तो आधी मागच्याच्या नावानं खडे फोडतो. हे काय खोदून ठेवलंय, ही मढी अजून बाहेरच का पडलीत, दार कुणी उघडं ठेवलं! मग स्वतः त्याच्याहून मोठा घोळ घालतो आणि पुढच्याच्या गळ्यात टाकून मोकळा होतो. डोंगराच्या पोटात तापलेला लाव्हा होता. तो पाटानं बाहेरच्या रानात सोडायचा बेत झाला. एक खटका ओढला की सगळं रान पेटणार. शत्रू जळणार, हत्ती जळणार, आणि बाहेर राहिलेले आपलेही. शेवटी आग, धूर आणि वेडे झालेले बुटके, अशात तो किल्ला संपला. हे सगळं त्यांनी लिहिलंय असं की पोट धरून हसावं.

मीही हसलो. मग विचारलं, "पाट खोदला एकानं, खटका ओढला दुसऱ्यानं. मग जळालेल्यांचा शिव्याशाप कुणाला?"

"आबा, ती खरी माणसं नाहीत."

"ते कळलं रं. पर कुणाला?"

तो जरा थांबला. म्हणाला, "वाचणाऱ्याला सगळं दिसतं ना. कुणी खोदलं, कुणी ओढलं. एका जागी सगळ्यांच्या पाळ्या लिहिलेल्या आहेत."

सगळेच असं हसत लिहीत नाहीत, असंही तो म्हणाला. कोणी बुटकाच होऊन रोजनिशी लिहितो. आज भाऊ गेला, उद्या त्याच्या वाटणीचं दगडकाम मला करायचंय, अशी. वाचताना घशात आवंढा येतो. टिम डेनी नावाच्या चित्रकारानं तर 'ब्रॉन्झमर्डर' नावाच्या किल्ल्याची गोष्ट चित्रांतून सांगितलीय. ती त्यानं मला दाखवली. सुबक आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हाताची. पण का कोण जाणे, मला पाळीची गोष्ट जास्त भावली. एकहाती गोष्ट एका सुरात चालते. पाळीच्या गोष्टीत एक जण रडवून जातो आणि दुसरा येऊन टवाळी करतो, वारकऱ्यांच्या दिंडीत मागच्या टाळकऱ्यानं वेगळाच ठेका धरावा तशी. तो ठेका चुकल्यासारखा वाटतो, पण दिंडी तशीच चाललेली असते.

आणखी एक आवाज त्या खेळात आहे, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. बुटक्यांतले पाथरवट किल्ल्याच्या भिंतींवर कोरतात. किल्ल्यात घडलेलंही कोरतात. अमक्या जनावरानं अमक्याला मारलं, तमक्यानं अमकी वस्तू घडवली. ना हसू, ना रडू. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरानं आपलं नाव कोरून ठेवलंय, ते मला आठवलं. एवढा मोठा गड बांधला आणि स्वतःविषयी काय ते पायरीएवढं. लोकांचे पाय पडतील अशा जागी.

झोप लागली नाही. पहाटे उठून मी ट्रंकेतली वही काढली.

वडील गेले १९८२ साली. मागं आम्ही तिघं भाऊ. थोरले अण्णा, मधला मी, धाकटा बापू. जमीन एकत्र, विहीर एकत्र, चूल एकत्र. सगळ्यांना वाटलं अण्णाच कारभार बघतील. आई म्हणाली, "एकानंच कायम केलं तर त्यो मालक हुतो आन् बाकीचं गडी हुत्यात. पाळी लावा." गुढीपाडव्याला कारभार बदलायचा. लाल पुठ्ठ्याची वही पुढच्याच्या हातात द्यायची आणि त्यानं पहिल्या पानावर जे हाती आलं ते लिहून घ्यायचं. जनावरं किती, अवजारं किती, देणं किती. सात वर्षं ती वही फिरली. पुढं वाटण्या झाल्या, वही माझ्याकडं राहिली.

तीन हातांची अक्षरं आहेत तीत. अण्णा पाथरवटासारखे लिहायचे. 'विहिरीचा गाळ काढला. गडी ४, दिवस ६.' त्यांच्या वर्षात त्यांची तान्ही पोर गेली. त्या दिवशी वहीत 'काम बंद' एवढंच आहे. दुसऱ्या दिवशी 'मिरचीला पाणी'. मी त्या दोन ओळींकडं बराच वेळ बघत बसलो. बापू चौथीपर्यंतच गेलेला, त्याच्या ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पण वाचताना हसू येतं. 'आज माज्या येडेपनानं मोटर जळाली. मोटर शानी होती मी नव्हतो.' खरंच असं लिहिलंय. हिशेबाच्या वहीत.

आणि माझं? मी दहावी झालेला. माझी भाषा तलाठ्यालाही लाजवेल अशी. 'आज रोजी', 'सबब', 'इसम'. माझ्या वर्षातल्या एका पानावर लिहिलंय, 'आज रोजी आपला पांढरा बैल सर्पदंशाने मयत झाला. इलाज केला परंतु उपयोग झाला नाही.'

ते वाचून कुणालाही वाटावं, काय जबाबदार माणूस!

आता बैलाची गोष्ट. पांढऱ्याची नव्हे, राजाची. ही गोष्ट मी गेली पस्तीसेक वर्षं सांगत आलोय. लग्नात, बारशात, गावच्या पारावर. एका साहित्य संमेलनाच्या कथाकथनातही सांगितली, तिथं टाळ्या थांबेनात. गोष्ट अशी. १९८६ साली बापूची पाळी आली. बापूनं बाजारातून बैल आणला, देखणा, उंच शिंगांचा, म्हणून नाव राजा. स्वस्तात मिळाला म्हणून बापू खूश. पहिल्याच दिवशी शेणखताची गाडी जुंपली आणि डांबरी सडकेवर मधोमध राजा बसला. त्याला बसायची खोड होती. मागनं यष्टी आली. कंडक्टर घंटी वाजवतोय, लोक खाली उतरले, कुणी शेपूट पिरगाळतंय, कुणी कानात पाणी ओततंय. राजा आपला रवंथ करतोय. शेवटी बापूनं डोक्यावरची टोपी काढली, बैलाच्या पायावर ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "राजा, घरी जाऊन बस, इथं लोकांचा खोळंबा हुतोय." तेवढ्यात यष्टीतला एक पावणा ओरडला, "आरं, त्येला तिकीट काढा, म्हंजी उठंल!"

लोक लोळायचे हसून. बापू समोर असला तर तोही हसायचा. कधी कधी मधेच म्हणायचा, "दादा, टोपी न्हवती, टापसा हुता." मी म्हणायचो, टोपी बरी दिसते गोष्टीत.

ह्या गोष्टीत एक टोपी सोडली तर खोटं काही नाही. तरी ती गोष्ट खोटी आहे. कारण ती मी बैल बसला तिथून सुरू करतो.

बापूला स्वस्तातला बैल का आणावा लागला? कारण पांढरा मेला होता, माझ्या वर्षात, आणि पेटीत पैसा नव्हता, तोही माझ्याच वर्षात आटलेला. पांढरा कसा मेला? हायब्रीड ज्वारी कापून पंधरा दिवस झाले होते. वर परतीचा पाऊस पडला आणि धसकटांना हिरवेगार कोंब फुटले. त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. बैल मी सोडले होते बांधाला, आणि 'आलोच' म्हणून पिंपळाच्या पारावर पत्ते खेळायला बसलो. डाव रंगात आला. बैल कोंबांत शिरले. बापू धावत पारावर आला तेव्हा माझ्या हातात पानं होती. आम्ही पोचेपर्यंत पांढरा आडवा झालेला, तोंडाला फेस. बापूनं घरातला गूळ नेला, पाण्यात कालवला, बांबूच्या नळीनं पाजला. जुनी माणसं फुटवे खाल्लेल्या जनावराला तेच करायची. दिवस मावळायच्या आत पांढरा गेला.

रात्री मी वहीत साप लिहिला.

वही उघडायची होती ती पुढच्या पानासाठी. पाडव्याला बापूनं कारभार हाती घेतला तेव्हाची यादी. त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर. 'म्हस १. रेडकू १. बैल १. दुसरा साप चावून गेला.'

गूळपाणी ज्यानं स्वतःच्या हातानं पाजलं, त्यानं हे लिहिलं. साप चावलेल्या जनावराला कुणी गूळपाणी पाजत नाही. ही वही तीस-पस्तीस वर्षं माझ्याच ट्रंकेत आहे, आणि हे पान मी वाचलेलं नव्हतं असंही म्हणवत नाही. वाचलं असेन. दिसलं नसेल.

आता मला नातवाशी भांडावंसं वाटतं. तो म्हणतो, ती खरी माणसं नाहीत म्हणून हसणं चालतं. मला वाटतं, त्या किल्ल्यावरचं हसू चालतं त्याचं कारण वेगळं आहे. तिथं मागच्याला हसणारा प्रत्येक जण स्वतः त्याच वहीत अडकलेला आहे. त्याचं वर्ष पुढचा लिहिणार. त्याला गोष्ट कुठून सुरू करायची हे निवडताच येत नाही, कारण त्याच्या आधीचं पान दुसऱ्यानं लिहून ठेवलंय. मी मात्र आमच्या वहीतलं एकच पान फाडून गावोगाव नाचवलं.

पूर्वी मला वाटायचं, थट्टेनं सांगणं म्हणजे उथळपणा आणि गंभीरपणे सांगणं म्हणजे खरं. आमच्या वहीत ते उलटं निघालं. सगळ्यांत गंभीर ओळ माझी, आणि तीच खोटी. सगळ्यांत थिल्लर ओळ बापूची, मोटरीची, ती शंभर नंबरी खरी. म्हणजे सूर कोणता लावला ह्यावर काही ठरत नाही. बापू हसला तो स्वतःला, मी हसवलं ते बापूवर. मग अण्णांचं काय? त्यांनी सगळं बघितलं असणार. बैल पुरताना खड्ड्यापाशी तेही उभे होते. तरी माझ्या सापाला कधी हात लावला नाही, माझ्या विनोदाला कधी हसलेही नाहीत. मी गोष्ट सुरू केली की ते तंबाखू आणायला उठायचे. अण्णा आता नाहीत. विचारायचं राहिलं. त्यांचं गप्प राहणं मोठेपणाचं होतं, की त्यानंच मला इतकी वर्षं मोकळं रान मिळालं, हे मला अजून ठरवता येत नाही. दगडावर कोरणाराही काय कोरायचं आणि काय सोडायचं हे निवडतोच की.

दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी बापू फराळाला आला. अंगणात मातीच्या किल्ल्यावर पणत्या लावलेल्या. तिथंही भांडण चालू होतं. बुरूज कुणाचा, विहीर कुणी केली, आणि ती विहीर पाणी ओतून कुणी ढासळवली. बापूला बघताच पोरं भांडण सोडून ओट्यावर आली.

"आबा, राजाची गोष्ट!"

मी सुरुवात केली. "त्याच्या आदल्या वर्षी कारभार माझ्याकडं हुता. हायब्रीड कापून पंधरा दिस झालं हुतं..."

बापूच्या हातातली चकली हातातच राहिली.

"ही कुठली गोष्ट?" धाकटी नात म्हणाली. "बैल कधी बसणार?"

"बसंल. आधी पांढऱ्याचं ऐक. मी बैल बांधाला सोडलं आन् गेलो पारावर पत्ते खेळायला." इथवर आलो आणि पुढचं वाक्य जमेना. कथाकथनाला शेकडो माणसांपुढं न अडखळणारा मी, सहा पोरांपुढं अडकलो. नातू लॅपटॉप मिटून माझ्याकडं बघत होता. वही त्यानंही वाचली होती.

बापू सावकाश म्हणाला, "दादा, त्येला साप चावला हुता. वहीत लिवलंय."

"साप न्हाई बापू. गूळपाणी तूच पाजलंस."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. एक पणती फडफडली, पोरीनं उठून वात सारली. बापूनं उरलेली चकली तोंडात टाकली, हात धोतराला पुसले आणि कोपरानं मला ढकललं.

"सरक तिकडं. तुला न्हाई यायची ही गोष्ट. आता माझी पाळी." मग पोरांकडं वळला. "तर मी पळत पळत पारावर गेलो. बघतो तर काय, तुमचा आबा बदामाची राणी उराशी धरून बसलाय. मी म्हनलं, दादा, बैल कोंबात शिरल्यात. तर मला म्हनतो कसा, गप, हुकूम माझाच हाय!"

पोरं खिदळली. असं मी म्हणालो होतो की नाही, मला आठवत नाही. म्हणालो असेन.

राजा सडकेवर बसायला अजून बराच अवकाश होता.